‘आप्पांना सांगू नका’ : घरात कॅन्सर आल्यावर मनाला आधार कसा द्यायचा

आमचे आप्पा बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर कामाला होते. गालाच्या आतला फोड दोन महिने बरा होईना, म्हणून तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ते मला आणि भावाला पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं. त्याच संध्याकाळी काकांनी घरी ठरवून टाकलं, "आप्पांना सांगायचं नाही. गाठ आहे, शेक द्यायचाय, एवढंच म्हणायचं."

आम्ही ते दोन महिने पाळलं. फाइल गादीखाली ठेवली, पाहुण्यांना दारातच गाठून समजावलं. पुढं कधीतरी कळलं की शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, दुसऱ्याच दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या गोकाककडच्या एका माणसानं आप्पांना विचारलं होतं, "निमगेल्लि ऐति?" म्हणजे तुम्हाला कुठं आहे? आप्पांनी गालावर बोट ठेवलं. त्यानं स्वतःचा गळा दाखवला आणि कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारला. आप्पांना सगळं समजलं. पण पोरं घाबरतील म्हणून त्यांनी ते आम्हाला कळू दिलं नाही. माडीवर ते जागे आणि खाली आम्ही जागे, अशा किती रात्री गेल्या कोण जाणे.

त्यानंतर नात्यातल्या, गल्लीतल्या, खानापूर आणि निपाणीकडच्या बऱ्याच घरांत मी बसून आले. दुखण्याइतकाच माणसाला हा एकटेपणा खातो, हे पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून हा लेख औषधोपचारांबद्दल नाही. निदान झाल्यापासून पुढं घरानं एकमेकांचं मन कसं सांभाळायचं, कुठं मदत मागायची, याची वाट त्यात क्रमानं सांगितली आहे.

पहिली पायरी : त्यांना काय माहीत आहे ते आधी विचारा

"सांगायचं की नाही" यावर घरात खल करत बसण्याआधी पेशंटला काय कळलंय ते पाहा. बहुतेकांना आधीच अंदाज असतो. बायोप्सी, कुजबुज, अचानक मुंबईहून आलेला मुलगा, न मागता केलेली शेवयाची खीर, यातून माणूस बरोबर ओळखतो.

दुपारची शांत वेळ निवडा. खोलीत एक-दोनच माणसं असावीत. टीव्ही बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा आणि उभं न राहता त्यांच्याजवळ खाली बसा. मग विचारा, "आप्पा, एवढ्या तपासण्या कशासाठी चालल्यात असं तुम्हाला वाटतंय?" आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. ती शांतता असह्य होऊन आपणच बोलत सुटतो, तेवढं टाळा.

दुसरा प्रश्न त्यांच्या इच्छेचा असतो. "डॉक्टर जे सांगतील ते सगळं तुम्हाला ऐकायचंय, की मोठ्याला सांगितलं तर चालेल?" काही वडीलधारी माणसं खरोखर म्हणतात, "तुम्हीच बघा बाळांनो, मला खोलात जायचं नाही." हा त्यांचा अधिकार आहे आणि तो मानावा. ‘त्यांना विचारून त्यांनी नको म्हटलं’ आणि ‘आपणच परस्पर ठरवलं’ यात मोठं अंतर आहे.

ऐकायचं असेल तर एका बैठकीत सगळं ओतू नका. आधी कल्पना द्या, "रिपोर्ट आपल्याला हवा तसा आलेला नाही." थोडं थांबा. मग साध्या शब्दात सांगा, "गालाच्या आत कॅन्सर आहे. त्यावर उपचार आहेत, सोमवारपासून सुरू होतात." ते रडले तर रडू द्या. पाण्याचा तांब्या पुढं करा, हात धरा. आकडे, किती टक्के, किती वर्षं हे त्यांनी विचारल्याशिवाय काढू नका. विचारलं आणि तुम्हाला येत नसेल तर "हे आपण डॉक्टरांनाच विचारू" म्हणा आणि खरोखर विचारा.

घरातलं मोठं माणूस "सांगितलं तर खचतील" म्हणून अडून बसलं असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका, तेही घाबरलेलेच असतात. त्यांना इतकंच विचारा, "बाहेर कुणी परक्यानं सांगितलं तर?" काका शेवटी याच प्रश्नावर गप्प झाले होते. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, "आमच्या देखत तुम्हीच सांगा." बरेच डॉक्टर त्यासाठी वेगळा वेळ देतात, फक्त गर्दीच्या ओपीडीत मागू नये.

भाषा : कोण बोलणार, कोण समजून सांगणार

आपल्या भागात ही अडचण खास आहे आणि तिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. पेशंट मराठीत विचार करतो, डॉक्टर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत बोलतात, संमतीपत्र तिसऱ्याच लिपीत असतं. बाजारापुरतं कन्नड आपल्याला येतं, पण "मला रात्री मरणाची भीती वाटते" हे परक्या भाषेत सांगता येत नाही.

तपासणीला जाताना दोन्ही भाषा जाणणारं एक माणूस ठरवून न्या आणि त्याला आधीच बजावा की जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगायचं, कडू भाग गाळायचा नाही. हे काम शाळकरी मुलावर टाकू नका. कन्नड शाळेत जाणारा नातू चटकन भाषांतर करतो खरा, पण आजीच्या मरणाचं बोलणं त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं नाही. प्रश्न आदल्या रात्री वहीत मराठीत लिहून ठेवा. कुणीच सोबत नसेल तर तीन वाक्यं पाठ असू द्या : निद्दि बरूदिल्ल, झोप येत नाही. हेदरिकि आगतैति, भीती वाटते. भाळ नोवु ऐति, फार दुखतंय.

आणखी एक गोष्ट. आपली माणसं मनाचं दुखणं शरीराच्या शब्दात सांगतात. "पोटात गोळा येतो," "छातीत धडधडतंय," "जीव घाबरा होतो," "डोस्कं जड झालंय." ते तसंच्या तसं भाषांतर झालं की ईसीजी निघतो, तो ठीक येतो आणि माणूस तसाच घरी परततो. ईसीजी काढायलाच हवा, पण पाठोपाठ "हे मनाच्या ताणानंही होत असेल का, बघा" एवढं स्वतः म्हणा.

ऐकायचं कसं

"काही होत नाही, धीर धरा." "सकारात्मक राहा." "अमक्याच्या बहिणीला चौथ्या टप्प्यातला होता, आता ठणठणीत आहे." ही वाक्यं प्रेमानंच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात. पेशंटनं भीती बोलून दाखवली आणि आपण लगेच धीर दिला, की तो पुढच्या वेळी बोलत नाही. आणि "मन खंबीर ठेवलं तर कॅन्सर बरा होतो" हे तर मुळीच म्हणू नका. दुखणं वाढलं तर तो दोष स्वतःच्या मनाला देतो.

त्याऐवजी हे म्हणून बघा : "कशाची जास्त भीती वाटते?" "रात्री काय काय मनात येतं?" "मी नुसता बसून राहू का?" उत्तर म्हणून एखादवेळी अगदी साधी गोष्ट बाहेर येते. येळ्ळूरच्या एका मावशींना मरणापेक्षा घोर लागला होता तो म्हशीचा. धाकट्या जावेनं धारा काढायचं कबूल केल्यावर त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोपल्या. भीतीला नाव मिळालं की तिचं काहीतरी करता येतं.

राग आला तर अंगावर घेऊ नका. माणूस ज्याच्यावर विसंबून असतो त्याच्यावरच चिडतो. आधी नकार, मग राग, मग स्वीकार असे ठरलेले टप्पे येतातच असंही नाही. सकाळी सगळं मान्य केलेला माणूस संध्याकाळी "रिपोर्टच चुकीचा असेल" म्हणू शकतो.

उपचारांतल्या अवघड जागा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला लाईट, म्हणजेच शेक, देताना चेहऱ्यावर जाळीचा घट्ट साचा बसवून तो टेबलाला अडकवतात. हा शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते सात आठवडे चालतो. पहिल्या दिवशी अनेकांचा जीव गुदमरतो आणि काहीजण तिथंच उपचार सोडतात. आधी सांगितलं तर बरंच हलकं होतं : श्वास घेता येतो, प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा असतो, तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात, हात वर केला की थांबवतात. साचा आधी हातात घेऊन बघायला मागा. आप्पा आत मनातल्या मनात हरिपाठ म्हणायचे, किती अभंगांत शेक संपतो ते त्यांना पाठ झालं होतं.

केमोच्या दोन-तीन खेपांनंतर हॉस्पिटलचं फाटक दिसताच, किंवा बसमध्येच, मळमळ सुरू होते. घरच्यांना वाटतं नाटक आहे. नाटक नाही ते, शरीरानं त्या वासाशी आणि जागेशी उलटीची गाठ घातलेली असते. डॉक्टरांना हे सांगा, त्यावर आदल्या रात्रीपासून घ्यायची औषधं असतात.

केमोबरोबर स्टिरॉइड देतात, त्यानं झोप उडते, चिडचिड वाढते, कुणी अखंड बोलत सुटतं. गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे विचारून घ्या. मानेला शेक दिल्यावर काही महिन्यांनी थायरॉईड मंदावू शकतं आणि ते हुबेहूब उदासीसारखं दिसतं. रक्ताची तपासणी करून घ्यावी. पेशंट एकाएकी भ्रमात बोलू लागला, माणसं ओळखेना, तर ते मनाचं दुखणं समजून किंवा बाहेरची बाधा समजून घरी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. संसर्ग किंवा रक्तातल्या क्षारांचा बिघाड यामुळं असं होतं.

बाईचे केस जाणं किंवा स्तन काढावा लागणं हा विषय घरात कुणी काढत नाही. तो विषय नवऱ्यानं काढावा. "तू बरी झालीस की पुरे" यापेक्षा तिच्या जवळ पूर्वीसारखं बसणं जास्त बोलतं. तोंडाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लाळ गळते म्हणून ताट वेगळं वाढतात. एक पंचा जवळ ठेवा आणि पंक्तीतच बसवा. बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल, लिहिता येत नसेल तर पाणी, दुखणं, संडास, झोप अशी चार चित्रं काढलेला पुठ्ठा द्या.

तंबाखू, शेजारी, देवाचं

निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू म्हणजे शेत, मजुरी आणि बायकांच्या हातचं विडीकाम. तिथं "खाल्लंस म्हणून भोगतोस" हे वाक्य फार सहज येतं. ते माणसाला आतून मोडतं, उपचारही लांबवतं. सोडायचं आहे हे खरं, त्यासाठी १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. पण तंबाखू सुटल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड आणि निद्रानाश त्या सुटण्यामुळंही असतो, हे घरानं लक्षात घ्यावं.

कॅन्सर शिवल्यानं, उष्ट्यानं, एका अंथरुणानं लागत नाही. बाहेरून लाईट घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत, नातवंडं मांडीवर बसू शकतात. हे भेटायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगा. भेटायला येणाऱ्यांची वेळही ठरवा आणि घरातलं एक माणूस दारात नेमा, म्हणजे पेशंटला तीच कहाणी दहा वेळा सांगावी लागत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलायचा आहे, गावच्या लक्ष्मीला गाऱ्हाणं घालायचं आहे, तर घालावं. त्यानं मन खरोखर हलकं होतं. फक्त देवऋषी "सुया बंद करा" म्हणाला तर तिथं ठाम राहावं.

लहान मुलांना

मुलांपासून लपवलं तर ती स्वतःची गोष्ट रचतात आणि त्यात बहुधा चूक त्यांचीच असते : मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. तीन गोष्टी सांगाव्यात. हे तुझ्यामुळं झालेलं नाही. हे तुला लागणार नाही. आई हॉस्पिटलात असेल तेव्हा तुझा डबा अमुकजण करेल. शाळेतल्या बाईंना कल्पना देऊन ठेवा.

ताण मोजायचा कसा

कॅन्सरच्या दवाखान्यांत एक साधी मोजपट्टी वापरतात. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, शून्य ते दहात सांगा. आकडे जमत नसतील तर दोन्ही हातांची बोटं पुढं करायला सांगा. चार किंवा जास्त आले तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आठवड्यातून एकदा, एकाच वारी विचारा आणि वहीत लिहा. सांभाळणाऱ्यानंही स्वतःचा आकडा लिहावा.

भूक नसणं, थकवा, झोप न लागणं हे केमोनंही होतं, त्यावरून उदासीचं निदान करता येत नाही. म्हणून दुसरीकडं बघा : आवडत्या गोष्टीतही रस उरला नाही, नातवंडं आली तरी तोंड भिंतीकडं, "मी तुमच्यावर ओझं झालोय" असं वारंवार बोलणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त. असं असेल तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. दुखणं नीट आवरलेलं नसेल तर आधी त्याची गोळी मागा, दुखत असताना कुणाचंच मन थाऱ्यावर राहत नाही.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन नावाची गोळी चालू असेल तर मनाच्या डॉक्टरांना ते न विसरता सांगा, कारण उदासीच्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात.

मदत कुठं

सुरुवात जिथं उपचार चालू आहेत तिथूनच करा. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरात केएलईचं हॉस्पिटल आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये केएलईच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलाचंही उद्घाटन झालं. कुणी हुबळीला जातं, कुणी मिरज-कोल्हापूरला, कुणी गोव्यात बांबोळीला, कुणी मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात. कुठंही असा, कॅन्सरच्या डॉक्टरांना तोंडानं विचारा, "मनाच्या डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची चिठ्ठी द्याल का?" न मागता ती मिळेलच असं नाही.

खेड्यातून दर वेळी बेळगाव परवडत नाही. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमातून मंगळवारी तालुका रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था आहे. खानापूर असो की चिकोडी, निघण्याआधी चौकशी करून घ्या. गुंतागुंतीच्या वेळी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे.

घरबसल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, दिवसरात्र आणि मोफत. त्यात मराठीची सोय आहे, भाषा विचारली की मराठी मागा. पेशंटसाठी असतो तसाच तो सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

पैशाचा घोर हाही मनाचाच आजार होऊन बसतो. हॉस्पिटलातल्या समाजसेवकाला पहिल्याच आठवड्यात भेटा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड, आधार आणि सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी जवळ ठेवा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तिच्या भरवशावर कोल्हापूर गाठण्याआधी त्या रुग्णालयाला फोन करा. उपचारासाठी रेल्वेनं जाणाऱ्या पेशंटला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे, डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. सोबत जाणाऱ्या बाईला कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही, ओळखपत्र तेवढं असावं.

जीव नकोसा झाला असं म्हटलं तर

"आता देवानं न्यावं" हे म्हातारं माणूस थकव्यानंही म्हणतं. तरी ते वाऱ्यावर सोडू नका. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, असं काही मनात ठरलंय का?" विचारल्यानं कल्पना सुचत नाही, उलट बोलायला वाट मिळते. निदानानंतरचे पहिले महिने जास्त जपायचे असतात.

उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध गोठ्यात किंवा माळ्यावर असतंच, ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा, एका वेळेच्याच हातात द्या. १४४१६ ला फोन करा, प्रसंग हाताबाहेरचा वाटला तर १०८ बोलवा किंवा सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं मानायचं असतं, शिक्षा करायची नसते.

सांभाळणारं माणूस

हे माणूस बहुधा सून, लेक नाहीतर बायको. तिला कुणी विचारत नाही. "काय मदत लागली तर सांग" म्हणण्यापेक्षा येणाऱ्यानं काम उचलावं : बुधवारचा शेक माझ्याकडं, रेशन मी आणतो, रविवारी रात्री मी झोपतो इथं. ही वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावा. बाहेरगावचे भाऊ पैसे पाठवतात, फोनवरून सल्लेही देतात. त्यांनी आठवड्यातून एक रात्र येऊन जागवावी, म्हणजे सल्ले आपोआप कमी होतात. सांभाळणारीला राग येणं, कधी "सुटका व्हावी" असं मनात येऊन जाणं, हे तिच्या वाईटपणाचं लक्षण नाही. ते तिला कुणीतरी सांगायला हवं.

उपचार संपल्यावर, आणि उपचार थांबल्यावर

शेवटचा शेक झाला की घर पेढे वाटतं आणि पेशंट मात्र उदास होतो. रोजची ये-जा, बाकावरची ओळख, नर्सची विचारपूस हे सगळं एकदम बंद पडतं. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. तारखेआधीचे चार दिवस मुद्दाम कामात घालवा आणि रिपोर्ट आणायला एकट्याला पाठवू नका.

दुखणं परतलं आणि बरं होणं शक्य नाही असं डॉक्टर म्हणाले, तर "आता काही करता येत नाही" असं पेशंटसमोर म्हणू नका. दुखणं, धाप, उलटी, बेचैनी यांवर शेवटपर्यंत उपचार असतात, त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, मागा. मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीत योग्य मात्रेत दिलं तर त्यानं मरण ओढवत नाही, दुखणं आवरतं. आणि विचारा : कुठं राहावंसं वाटतं, कुणाला भेटायचंय, काही सांगायचं राहिलंय का. आप्पांना मागाचा आवाज ऐकायचा होता. शेजारच्या घरातला माग चालू असताना खिडकी उघडी ठेवायची, एवढंच.

तेराव्यानंतर माणसं पांगतात, तेव्हा मागं राहिलेल्याकडं जायला सुरुवात करा. गेलेल्याचं नाव घेऊन बोला. महिना, सहा महिने, पहिला गणपती, वर्षश्राद्ध, हे दिवस लक्षात ठेवून फोन करा. वर्ष उलटूनही रोजचं काम सुधरत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तेही डॉक्टरकडं न्यायचं दुखणं आहे.

आमची आई संध्याकाळी सातला आप्पांसाठी मऊ भात करायची. ते गेल्यावरही करत राहिली, वाटी झाकून ठेवायची. भाऊ तिला थांबवायला निघाला होता, मी नको म्हटलं. आम्ही तिघं तो भात वाटून खायचो आणि ती त्यांच्याबद्दल बोलायची. पंचमीनंतर एके दिवशी तिनं भाताऐवजी भाकरी थापली, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.